डिसेंबरातला उन्हाळा

सील हा मासा नाही, हे माझ्या मुलीने मला सांगितलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मी पोहे खात होतो. मी म्हटलं, पाण्यात राहतो, मासे खातो, अंगाने गुळगुळीत, मग काय बैल आहे का? ती हसली नाही. तिने शांतपणे समजावलं की तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, आणि बर्फाखाली कितीही लांब गेला तरी त्याला नाक वर काढायला यावंच लागतं. हे सगळं इंग्रजीत, अर्थात. मी मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमच्या घरात कधीच ठरून गेलेलं होतं. मी पोह्यांवर लिंबू पिळत 'बरं बाई' म्हणालो आणि विषय संपवला.

पुढे दोन वर्षांनी मी तिच्याशी जे वागलो, त्याची मला अजून लाज वाटते. प्लँटवर फोनवर बोलत असताना मध्येच आठवतं आणि कान तापतात. बायको म्हणते, किती दिवस उगाळत बसणार आहेस. तिला सगळं माहीत नाही, म्हणून ती असं म्हणू शकते.

आम्ही इथे आखातात, हवल्लीत राहतो, चौथ्या मजल्यावर. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात, दुसरं काही नाही. इथल्या उन्हाळ्यात पोरांना बाहेर सोडण्याची सोय नसते. दुपारी गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो. त्या सुट्ट्यांत माझी मुलगी एसी फुल करून, अंगावर गोधडी घेऊन, टॅबवर ध्रुवावरच्या बर्फाचे व्हिडिओ बघत बसायची. बाहेर पन्नास डिग्रीला टेकलेलं, आणि ही आत बर्फात. सुरुवातीला मला वाटलं, गोजिरवाणी पांढरी पिल्लं बघायला आवडतात, पोरींना आवडतातच. पण ती वही घेऊन बसायची. कोणता सील कुठे, कधी आणि काय खातो, याच्या नोंदी करायची.

त्या नोंदींतून तिने एक मोठा तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. दोन गोल, एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. प्रत्येक गोलाचे बारा महिन्यांचे बारा भाग. निळा रंग म्हणजे हिवाळा, पिवळा म्हणजे उन्हाळा. उत्तरेच्या गोलात हार्प नावाचे सील होते. ते उन्हाळ्यात पार वर उत्तरेला जाऊन मासे खाऊन लठ्ठ होतात, आणि हिवाळ्यात बर्फाच्या कडेकडेने शेकडो मैल खाली येतात, पिल्लं द्यायला. आई बारा-एक दिवस दूध पाजते आणि निघून जाते. पिल्लू बर्फावर एकटं, आपल्या अंगातल्या चरबीवर जगत, भूक लागेपर्यंत थांबतं आणि मग स्वतःच पाण्यात उतरतं. दक्षिणेच्या गोलात वेडेल सील होते. हे कुठेच जात नाहीत. सगळा समुद्र गोठला तरी तिथेच राहतात, दातांनी बर्फ खरवडून श्वासाचं भोक उघडं ठेवतात, आणि त्याच भोकातून खोल पाण्यात मासे पकडायला जातात. दात झिजतात. झिजून गेले की ना भोक राखता येतं, ना मासा धरता येतो. हे सांगताना तिचा आवाज बारीक व्हायचा.

तिसरे होते क्रॅबीटर. नाव खेकडेखाऊ, पण खेकडे खात नाहीत. त्यांच्या दातांना चाळणीसारख्या खाचा असतात. तोंडभर पाणी घ्यायचं, बाहेर सोडायचं, आत राहतात ते क्रिल नावाचे बारीक जीव गिळायचे. तरंगता बर्फ हिवाळ्यात पसरतो तसे ते त्याच्याबरोबर बाहेर जातात आणि उन्हाळ्यात आटतो तसे आत येतात. बर्फाची कड हेच त्यांचं घर. रोज फ्रिजमधून दूध काढताना हा तक्ता माझ्या नाकासमोर असायचा. दक्षिणेच्या गोलात डिसेंबरचा भाग पिवळा होता. मी तो शंभर वेळा तरी पाहिला असेन.

संक्रांतीच्या कार्यक्रमात आमच्या इथल्या मराठी मंडळाची मुलांसाठी वक्तृत्व स्पर्धा असते. विषय होता 'माझा आवडता प्राणी'. बायकोने जेवताना सहज सांगितलं आणि मुलगी म्हणाली, मी करणार. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ही पोरगी आजीच्या फोनवर 'हो, नाही, बरी आहे' यापलीकडे जात नव्हती. मंडळात गेली की खुर्चीत पुस्तक काढून बसायची. मी विचारलं, मराठीत करायचं असतं, माहीत आहे ना? हो म्हणाली. सीलबद्दल कोणाला काही माहीत नाही म्हणून तिला सांगायचं होतं, आणि तिथे मराठीच चालते तर मराठीत. इतकं साधं होतं ते. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला मराठीत काहीतरी स्वतःहून सांगायचं होतं.

मला इतका आनंद झाला की मी ते सगळं माझ्या हातात घेतलं.

आमच्याकडे मुलांची भाषणं आईबाप लिहितात, हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे. मुलं पाठ करतात, आईबाप पहिल्या-दुसऱ्या रांगेतून ओठ हलवतात. बहुतेक मुलांना देवनागरी झरझर वाचता येत नाही, म्हणून मजकूर इंग्रजी अक्षरांत टाइप करून द्यायचा. यात कोणालाच गैर वाटत नाही, मलाही वाटलं नाही. तिने आपल्या वहीतून सात-आठ वाक्यं मोडक्या मराठीत तयार केली होती. मी ती वाचली, गालातल्या गालात हसलो, आणि बाजूला ठेवली. मी नाशिकला कॉलेजात असताना दोन ढाली मिळवलेला माणूस. पंधरा वर्षं इथे मीटरं आणि व्हॉल्व्हं बघत काढली, पण हात अजून शिवशिवतो. बसलो लिहायला. 'हिमाच्छादित ध्रुवप्रदेशाच्या निःशब्द शुभ्रतेत' अशी सुरुवात केली. ऋतुचक्र, स्थलांतर, अथांग, अविरत, काही म्हणून सोडलं नाही. क्रिलला मी 'सूक्ष्म कवचधारी जलचर' म्हटलं आणि स्वतःवरच खूश झालो.

आमच्या युनिटचे एक सीनियर आहेत, पुण्याचे, वाचनाचे शौकीन. मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत मजकूर दाखवला. त्यांनी वाचता वाचता दाद दिली, म्हणाले, अहो तुम्ही इथे काय करताय, लेखक व्हायला हवं होतं तुम्ही. त्या दिवशी मी डबा अर्धाच खाल्ला, इतकं पोट भरलं होतं.

आता ती चूक. मी लिहिलं होतं, 'डिसेंबर महिन्यात दक्षिण ध्रुवावर कडाक्याचा हिवाळा सुरू होतो, हिमाची कड विस्तारू लागते, आणि तिच्यासवे हे सील उत्तरेकडे स्थलांतर करतात.' मुलीने पहिल्यांदा वाचलं तेव्हाच तिथे बोट ठेवलं. बाबा, डिसेंबरमध्ये तिथे समर असतो, तेव्हा बर्फ कमी होतो, ते आत जातात. मी म्हटलं, बाहेर बघ, तू स्वतः जॅकेट घालून बसली आहेस. ती म्हणाली, ते इथे. ती उठून मला फ्रिजपाशी न्यायला लागली. त्या दिवशी प्लँटवर माझं कशावरून तरी वाजलं होतं, डोकं आधीच फिरलेलं होतं, आणि सीनियरांनी वाहवा केलेल्या मजकुरात एक अकरा वर्षांची मुलगी चूक काढत होती. मी ओरडलो.

"तुला धड मराठी वाचता येत नाही आणि तू मला शिकवतेस?"

ती थांबली. फ्रिजकडे गेलेला हात तसाच खाली आला. तिने कागद उचलला आणि खोलीत जाऊन पाठ करायला लागली, तोच मजकूर, तशाच्या तसा. बायकोने मला डोळ्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आगाऊपणा.

स्पर्धेच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही दोघं शर्कच्या मासळी बाजारात गेलो. तिथे एका गाळ्यावर मुरुडकडचा एक माणूस आहे, साठीच्या आसपासचा, आमच्याशी मराठीत बोलतो म्हणून आम्ही त्याच्याकडेच घेतो. अनेक वर्षं घेतोय, पोरगी त्याच्या डोळ्यांसमोर वाढली. तो तिला 'बाय' म्हणतो. त्या दिवशी त्याने विचारलं, काय बाय, शाळेत काय चाललंय. आणि ही, जी माझ्याशी चार दिवस जेवढ्यास तेवढं बोलत होती, ती त्याला सीलबद्दल सांगायला लागली. मराठीत. अडखळत, मध्ये इंग्रजी शब्द घालत, हाताने बर्फाची कड दाखवत. क्रिलपाशी अडली. मी लगेच मदतीला धावलो, सूक्ष्म कवचधारी जलचर. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग तिला विचारलं, कसे असतात ते? केवढे? तिने बोटाच्या पेरावर दाखवलं, कोळंबीसारखे पण इवलेसे, लाखोंनी एकत्र.

"म्हणजे जवळा," तो म्हणाला.

तिला तो शब्द इतका आवडला की तिने तीनदा म्हणून पाहिला. मग त्याला सांगितलं की सील जवळ्यामागे जातात, जवळा बर्फाच्या कडेला असतो, आणि दक्षिणेला डिसेंबरात उन्हाळा असतो. माझ्याकडे न बघता सांगितलं. त्याने सुरमईचे तुकडे करता करता क्षणभर सुरी थांबवली, विचार केला आणि म्हणाला की म्हणजे तिकडचा मोसम आपल्या उलटा, मग मासा पण उलटाच फिरणार. झालं. कधी शाळेची पायरी नीट चढला नसेल तो, पण पोरीचं म्हणणं त्याने एका मिनिटात मानलं. मी पिशवी धरून उभा होतो. गाडीत मी तिला बजावलं की स्टेजवर जवळा वगैरे म्हणायचं नाही, लोक हसतील.

पण ते डोक्यात राहिलं. मोसम उलटा. गुरुवारी संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा बायको मुलीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेली होती. चहा केला, फ्रिजमधून दूध काढलं, आणि तो पिवळा भाग पुन्हा समोर आला. टेबलावर तिचा टॅब पडला होता. मी उघडून शोधलं. पाच मिनिटं पण लागली नाहीत. दक्षिणेला डिसेंबर, जानेवारी, भर उन्हाळा, सूर्य मावळतच नाही, बर्फ आटत जातो, सील कडेबरोबर आत सरकतात. तिने सांगितलं होतं तसंच, शब्द न शब्द. अहो, शाळेत सहावीत शिकलो होतो की मीपण, खालच्या गोलार्धात ऋतू उलटे. विसरलो होतो, आणि आठवण करून देणारीवर ओरडलो होतो.

तेव्हा काय करायचं होतं? ती क्लासवरून आली की म्हणायचं, बेटा, तू बरोबर होतीस, हे वाक्य बदलू. एवढंच. दोन शब्द इकडचे तिकडे करायचे होते. मी चहा पीत बसून राहिलो आणि स्वतःला कारणं देत राहिलो. आता उद्यावर स्पर्धा, पाठ झालंय, बदललं तर गोंधळेल. तिथे ऐकतंय कोण, सगळे आपापल्या पोरांचे फोटो काढायला बसलेले असतात. आणि खरं कारण, जे मी तेव्हा मनातही नीट उच्चारलं नाही, ते असं की मला तिच्यासमोर हरायचं नव्हतं. माझं काम काय आहे सांगू? मीटरवर दिसणारा आकडा खरा आहे की खोटा ते बघणं. खोटा आकडा दिसत असूनही कोणी तसाच चालू दिला तर मी त्या माणसाला उभा सोलतो. त्या संध्याकाळी मी चहाचा कप धुऊन ठेवला आणि बातम्या लावल्या.

शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. बायका काळ्या साड्यांत, दारात तिळगूळ, मागे बटाटेवड्यांचा वास. माझ्या मुलीने काळा परकर-पोलका घातला होता, तिच्या आईने नाशिकहून मागवलेला. आम्ही तिसऱ्या रांगेत. माझ्या शेजारी तेच सीनियर येऊन बसले, म्हणाले, ऐकायला आलोय हं तुमचं. 'तुमचं' म्हणाले ते, तिचं नाही म्हणाले. मला तेव्हा ते गोड वाटलं.

परीक्षक म्हणून एक बाई होत्या, साताऱ्याकडच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, मुलाकडे दोन महिन्यांसाठी आलेल्या. प्रत्येक भाषणानंतर त्या एखादा प्रश्न विचारत होत्या. नुसतं पाठांतर नको, मुलांना समजलंय का ते कळावं म्हणून. वाघ झाला, हत्ती झाला, दोन वेळा कुत्रा झाला. मग ही आली.

काय बोलली हो. माझे जडजड शब्द तिच्या तोंडात दगडासारखे होते, पण तिने ते एकेक करून उचलले आणि ठेवले. वेडेलच्या दातांपाशी आली तेव्हा हॉलमधली कुजबुज थांबली. क्रिलपाशी आली, माझ्याकडे एक नजर टाकली, आणि 'सूक्ष्म कवचधारी जलचर' म्हणून झाल्यावर आपल्या मनाने जोडलं, म्हणजे जवळा. सगळा हॉल हसला, पण कौतुकाने. मागून कोणीतरी कोकणातला माणूस 'शाब्बास' म्हणाला. तेवढा एकच शब्द तिचा होता आणि तेवढाच लोकांना लागला.

मग डिसेंबर आला. ती थांबली. एक, दोन, तीन सेकंद. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. तिला पुढचं आठवत नाहीये असं सगळ्यांना वाटलं, आणि मी काय केलं? ओठ हलवले. आवाज न करता, तोंड मोठं करून, 'कडाक्याचा हिवाळा'. तिने ते माझ्या तोंडावरून वाचलं आणि म्हणाली. भाषण पूर्ण केलं. टाळ्या झाल्या. परीक्षक बाई कौतुकाने हसल्या, म्हणाल्या, फार छान बोललीस बाळ. मग विचारलं, दक्षिण ध्रुवावर डिसेंबरात कोणता ऋतू असतो?

"उन्हाळा," ती म्हणाली. एक क्षणही न घालवता.

"मग भाषणात हिवाळा का म्हणालीस?"

त्यांनी अगदी मायेने विचारलं होतं. त्यांना तिला अडकवायचं नव्हतं, उत्तर बरोबर आलं म्हणून त्यांना नवल वाटलं होतं. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला फक्त उभं राहायचं होतं. बाई, ते मी लिहिलंय, तिने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. लोक हसले असते, पाच मिनिटांत विसरले असते. शेजारचे सीनियर माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, पाठांतरात गडबडली वाटतं. त्यांनी तो मजकूर वाचला होता, पण कोणाच्या लक्षात राहतंय. मी म्हटलं, हो ना, घाबरली. आणि मी मान खाली घातली, फोन काढला, त्यावर काही आलेलं नसताना बोट फिरवत बसलो.

तेवढ्यात माईकवरून तिचा आवाज आला.

"माझी चूक झाली."

स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता. तिच्या तोंडून इतकं शुद्ध मराठी वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. बाई म्हणाल्या, असू दे, असू दे, आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, बिचारीला बरं वाटावं म्हणून.

पहिला नंबर वाघाला गेला. हिला उत्तेजनार्थ स्टीलचा डबा मिळाला. गाडीत कोणी बोलेना म्हणून मी बोललो, आणि जे बोललो ते आता लिहितानाही नको वाटतं. मी म्हटलं, होतं असं, पुढच्या वेळी नीट पाठ कर. ती मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. 'ओके' म्हणाली. मी वाटेत थांबून तिला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि ती ते थँक यू म्हणून खाऊ लागली. बायकोने घरी आल्यावर मला विचारलं की तिला ऋतू माहीत होता तर तशी चुकली कशी. मी म्हटलं, स्टेजची भीती. बायकोनेही ते मानलं, कारण मी तिच्याशी सहसा खोटं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तक्ता नव्हता. चिकटपट्टीचे चार डाग तेवढे राहिले होते. मी विचारलं नाही. फोनवर आजीने, भाषण कसं झालं, विचारलं, तेव्हा ती 'फाइन' म्हणाली आणि फोन आईकडे दिला. मंडळात हळदीकुंकवाला यायचं नाही म्हणाली, होमवर्क आहे म्हणून. सगळं पूर्ववत झालं, मी मराठीत आणि ती इंग्रजीत. फक्त आता मी काही विचारलं तरच.

महिन्याभराने आम्ही पुन्हा शर्कला गेलो. मुद्दाम तिला घेऊन गेलो, म्हटलं, तिथे गेली की बोलेल. मुरुडच्या त्या माणसाने तिला पाहताच हातातलं पापलेट खाली ठेवलं आणि विचारलं, काय बाय, कसं झालं भाषण, जवळा सांगितलास का लोकांना? तिने खाली बघत इंग्रजीत सांगितलं की तिने एक मिस्टेक केली. त्याला ते कळलं, त्याचं तोंड उतरलं. कसली चूक, त्याने मला विचारलं. ती म्हणाली, सीझनची. तो म्हणाला, पण मला तर बरोबर सांगितलं होतंस की बाय तू, डिसेंबरात उन्हाळा.

मी म्हटलं, तिची नाही, माझी चूक. भाषण मी लिहिलं होतं, ती सांगत होती, मी ऐकलं नाही. मला माहीतच नव्हतं हो. असं म्हणून मी हसलोसुद्धा. त्याने मान हलवली, म्हणाला, साहेब, पोरांचं पण कधीतरी ऐकावं, आणि पिशवीत दोन पापलेटं वर टाकून दिली. मला हलकं वाटलं. अगदी खरं सांगतो, पार्किंगकडे चालताना मला वाटलं की झालं एकदाचं, कबूल केलं आपण, मोठ्या मनाने.

गाडी सुरू केली. कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबलो. ती पुढच्या सीटवर होती, मांडीवर मासळीची पिशवी.

"बाबा, तुला माहीत होतं," ती म्हणाली.

मराठीत. मी तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढलेला नव्हता, रडवेलाही नव्हता. तिने सांगितलं की त्या गुरुवारी ती क्लासवरून आली, टॅब उघडला, तर ते पान तसंच उघडं होतं. मी बंद करायला विसरलो होतो. तिला बरं वाटलं होतं. तिला वाटलं होतं की सकाळी बाबा नवीन कागद देणार, म्हणून त्या रात्रीच्या उजळणीत तिने डिसेंबरचं ते वाक्य म्हटलंच नाही. सकाळी तयार होताना, गाडीत, हॉलच्या दारात तिळगूळ घेताना, ती वाट बघत होती. स्टेजवर थांबली ती विसरली म्हणून नव्हे.

मी कसंबसं विचारलं, मग बाईंनी विचारलं तेव्हा सांगायचं होतंस ना, बाबांनी लिहिलंय म्हणून.

"मी तुझ्याकडे बघितलं होतं," ती म्हणाली. "तू खाली बघत होतास."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, मग आणखी एकाने. मी गाडी काढली.

त्या भूगोलाच्या बाई केव्हाच साताऱ्याला परत गेल्या. सीनियर अजून शेजारच्या टेबलावर जेवतात आणि मधूनच विचारतात, काय, नवीन काही लिहिलंत की नाही. लिहिलंय. हे पहिल्यांदा त्यांनाच देणार आहे वाचायला, आणि मग मंडळाच्या वार्षिक अंकाला पाठवणार आहे, कारण मासळीवाल्यासमोर कबूल करायला मला काहीच मोजावं लागलं नव्हतं आणि ते माझ्या मुलीला कळलं होतं. जे त्या दिवशी हॉलमध्ये होते त्यांच्यासाठी सांगतो. दक्षिण ध्रुवावर डिसेंबरात उन्हाळा असतो. बर्फ आटतो आणि सील त्याच्या कडेबरोबर आत जातात. माझी मुलगी चुकली नव्हती, आणि हे मला आदल्या दिवशी संध्याकाळी माहीत होतं.